उबाळे हवालदारांचा अंगठा

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही – आणि बहिणीला मी भाजी करपली तरी फोन करून सांगते. तुम्हाला का सांगते आहे? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही. उद्या बदलापूरच्या बाजारात समोरासमोर आलो तरी तुम्ही तुमच्या वाटेने जाल, मी माझ्या. एवढ्यावरच मला धीर आला आहे.

मी तशी चोख बाई. घरात डबे उंचीप्रमाणे लावलेले असतात, लाइटबिलं तारखेनुसार टाचलेली. काम अर्धवट टाकलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. सासरी याचं फार कौतुक. नणंद पाहुण्यांना सांगते, वहिनीच्या हातचं काम म्हणजे बघायला नको. पाहुणे माना डोलावतात, आणि मी – नाही, असं नको. असं सांगत बसले तर मी माझं कौतुकच तुम्हाला ऐकवीन. सुरुवातीपासून सांगते.

आधार कार्ड यायच्या आधीची गोष्ट. पोलिसांचं ओळखपत्र तेव्हा साधं असायचं – पुठ्ठ्यावर फोटो, फोटोवर अर्धा शिक्का, वरून प्लास्टिक. मग हुकूम निघाला की सगळ्यांची ओळखपत्रं संगणकावर करायची. चिपवालं कार्ड, त्यात माणसाचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा; ठसा दुसरीकडे कुठे साठवायचा नाही. कार्ड यंत्रात घालायचं, अंगठा ठेवायचा, की हा तोच पोलीस की दुसरा कुणी ते यंत्रच सांगणार. काम एका खासगी एजन्सीला मिळालं आणि त्या एजन्सीत मी होते. खरवईची, शेतकऱ्याची मुलगी, बारावी झालेली, संगणकाचा कोर्स केलेली. उल्हासनगरला एका पोलीस ठाण्याच्या वरच्या हॉलमध्ये आमचं टेबल लागलं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडचे पोलीस तिथेच यायचे. मागे निळा पडदा, समोर कॅमेरा, आणि टेबलावर साबणाच्या वडीएवढं एक यंत्र. त्याच्या काचेवर अंगठा ठेवायचा. ठसा नीट आला की स्क्रीनवर हिरवी पट्टी, नाही आला की लाल. लाल असली की पुढचं पानच उघडत नसे.

लाल पट्टीवरचे इलाज आम्हाला पाठ होते. ओल्या फडक्याने बोट पुसायचं. नाही जमलं तर अंगठा कपाळावर घासायला सांगायचं – कपाळाला तेलकटपणा असतो, त्याने रेषा उठतात. मोठमोठे मिशीवाले जमादार माझ्यासमोर बसून कपाळावर अंगठा घासायचे आणि मला आतून हसू फुटायचं. बावीस वर्षांच्या पोरीपुढे पोलीस असा गरीब होऊन बसलाय, हे मला आवडायचं. हेही सांगूनच टाकते.

संध्याकाळी यादी निघायची. किती आले, किती झाले, किती राहिले. एजन्सीचा मालक उल्हासनगरच्याच कॅम्प तीन वस्तीतला, त्याचं एकच वाक्य होतं – ‘पेंडिंग नहीं मंगता.’ बाकीच्या मुलींच्या यादीत रोज दोन-चार नावं राहायची. माझ्या यादीत एकही नाही. सव्वा महिना, एकही नाही. खालचे मोठे साहेब एकदा वर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, ‘या मुलीकडून शिका जरा.’ त्या रात्री मला झोप आली नव्हती – आनंदाने. हसू नका. मला तोवर कुणी कधी असं म्हटलेलं नव्हतं.

शेवटचा दिवस. पाच वाजता छोटासा समारंभ होता, साहेबांच्या हस्ते आम्हाला पत्रं मिळणार होती. पावणेचारला उबाळे हवालदार आले. माझ्या यादीतलं शेवटचं नाव.

पालेगावच्या बाजूला राहणारे, निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिलेली. सडसडीत माणूस, डाव्या गालावर तीळ, गणवेशाला अशी इस्त्री की हात लावला तर कापेल. फोटो छान आला. मग अंगठा ठेवला, आणि लाल. पुसला – लाल. कपाळावर घासला – लाल. दुसरी बोटं बघितली. सगळी तशीच. मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला, तर बोटांच्या टोकांना रेषाच नव्हत्या. गुळगुळीत, आणि मधेमधे सोललेलं लाल कातडं. मी विचारलं, ‘काका, घरी काही केमिकलचं काम करता का?’

त्यांनी मागे कुणी आहे का बघितलं. मग हळूच म्हणाले, ‘मिसेस अंथरुणाला खिळलीय तीन वर्षं. तिचं सगळं मीच करतो. चादरी, कपडे, भांडी. सोड्यात भिजवावं लागतं, नाहीतर वास जात नाही. ठाण्यात कुणाला बोलू नका हां, ताई. पोरं उगाच मस्करी करतात.’

मी म्हटलं, नाही बोलणार. हे वचन मात्र मी पाळलं. किती नीट पाळलं ते पुढे येईलच.

आता ऐका. अशा माणसांसाठी सोय होती. फॉर्मच्या शेवटी एक चौकोन होता – ‘ठसा उमटत नाही’. तिथे खूण करायची, साहेबांना बोटं दाखवायची, त्यांची सही घ्यायची. मग कार्ड बिनठशाचं निघायचं, पंधरा-वीस दिवस उशिरा. तोवर नाव पेंडिंग. साहेब कुठे होते? दौऱ्यावर? रजेवर? खालीच बसले होते. एक जिना. मी जिना उतरून गेले असते आणि म्हटलं असतं, सर, एक राहिलंय – तर ते काही मला खाणार नव्हते. पण मला ‘एक राहिलंय’ म्हणायचं नव्हतं. सव्वा महिना एकही राहिलं नव्हतं, आणि पत्र मिळायच्या तासाभर आधी राहणार?

मी त्यांना म्हटलं, ‘काका, झालं. या तुम्ही.’ त्यांनी विचारलं, ‘उमटला?’ मी म्हटलं, ‘उमटला.’

केवढं बरं वाटलं त्यांना. ते जिना उतरायला लागले, बुटांचा आवाज येत होता. आणि मी माझा उजवा अंगठा त्या काचेवर ठेवला.

हिरवी पट्टी आली.

एकदाच केलं. एकाच माणसाच्या बाबतीत. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल – एकदाच तर. पण त्या माणसाला तरी अंगठे किती होते?

पाच वाजता मला पत्र मिळालं. त्यात ‘शंभर टक्के’ हे शब्द होते. त्या पत्रावरच पुढे मला त्याच इमारतीत, पोलीस खात्याच्या कार्यालयात कंत्राटी नोकरी लागली, ओळखपत्रांच्याच टेबलावर. घरी पेढे वाटले. वडिलांनी पत्राला फ्रेम केली.

सव्वा वर्ष काहीच झालं नाही. कार्डं होती, पण तपासायची यंत्रं आली नव्हती. उबाळे ते कार्ड खिशाला लावून फिरत असतील, त्यावर त्यांचा फोटो, त्यांचं नाव, आणि आत मी. कधीमधी मला आठवायचं. मग मी म्हणायचे, यंत्रं कुठली येतायत, सरकारी काम आहे.

आणि मग उल्हासनगरच्या बाजारात तोतया पोलीस आले. साध्या कपड्यातले दोघं, खिशातून ओळखपत्र काढून दाखवायचे. म्हाताऱ्या बायकांना म्हणायचे, मावशी, पुढे गडबड झालीय, दागिने काढून रुमालात बांधा. रुमाल घरी जाऊन सोडला की आत खडे. पेपरात आलं, मोर्चा आला. आठवड्याभरात यंत्रं आली आणि हुकूम आला – प्रत्येकाचं कार्ड यंत्रावर तपासा. मैदानात रांगा लागल्या. यंत्रावर बसायला माणूस कोण? शंभर टक्केवाली मुलगी.

आदल्या दिवशी यादीत मी त्यांचं नाव बघितलं होतं. ते रजेवर असावेत म्हणून देवाला हात जोडले. आजारी पडावेत असंही मनात आलं. साहेबांकडे जावं, असं मात्र आलं नाही. की आलं होतं? आलं असेल. मी त्याला बसू दिलं नाही.

ते रांगेत होते. मला बघून ओळखीचं हसले. मी कार्ड यंत्रात घातलं, त्यांनी अंगठा ठेवला. मला वाटलं होतं, त्यांची बोटं झिजलेली, यंत्र ‘ठसा अस्पष्ट’ म्हणेल. तसे चार-पाच निघाले होते, त्यांना नंतर या म्हणून सोडलं होतं. पण उबाळ्यांचा ठसा स्वच्छ उमटला. मी चमकून त्यांच्या हाताकडे बघितलं. बोटं बरी झालेली, नवं कातडं, रेषा सगळ्या परत आलेल्या. मला काही विचारावं लागलं नाही, ते स्वतःच हळू आवाजात म्हणाले, ‘मिसेस गेली, ताई. चार महिने झाले.’

आणि यंत्राने दाखवलं – ओळख पटली नाही.

मी म्हटलं, ‘काका, परत ठेवा.’ माहीत असून म्हटलं. त्यांनी परत ठेवला. तिसऱ्यांदा ठेवला. शेजारी उभे असलेले तपासणीचे अधिकारी वाकून बघायला लागले. मग म्हणाले, ‘उबाळे, बाजूला उभे राहा.’ ऐंशी जणांसमोर, ज्यांतल्या निम्म्यांना त्यांनी कवायत शिकवली होती, ते बाजूला उभे राहिले. रांग पुढे सरकली.

एक जुनी कुजबुज होती म्हणे. उबाळ्यांना थोरला भाऊ होता, मॅट्रिक झालेला, तरुणपणी तापाने गेला. कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं की हा भरती झाला तो त्या भावाच्या दाखल्यावर, नावही भावाचंच लावतो. यंत्र नाही म्हणालं आणि ती कुजबुज उठून बसली. माझ्या टेबलामागेच एक जण म्हणाला, ‘यांच्यात चालतंच असं.’ यांच्यात म्हणजे कुणात, हे तिथे प्रत्येकाला कळलं. उबाळे बौद्ध. मलाही कळलं, आणि मी यादीत मान घातली. इतकंच नाही. क्षणभर, अगदी क्षणभर, मला वाटलं, असेलही. असेल खरं, तर किती बरं होईल. माझाच अंगठा आत आहे हे माहीत असताना मला असं वाटू शकलं. माणूस स्वतःला किती ओळखतो, सांगा बरं?

चौकशी बसली. त्यांना निलंबित केलं, गणवेश उतरवला. जुनं सर्व्हिस बुक काढलं, त्यात भरतीच्या वेळचा शाईचा अंगठा होता, पण तो नुसता निळा डाग. तज्ज्ञांनी मत देता येत नाही म्हणून कळवलं. ओळखीची खूण म्हणून त्याच पानावर लिहिलं होतं, डाव्या गालावर तीळ. तीळ होता की. रोज सगळ्यांना दिसत होता. पण यंत्राने नाही म्हटल्यावर तिळाला कोण विचारतो?

मला जबाबाला बोलावलं. प्रश्न एकच होता – ठसा कुणाचा घेतला, आणि कसा? मी घरून वाक्य ठरवून गेले होते. मी लिहिलं, ‘सदर इसम माझ्यासमोर स्वतः हजर होते व त्यांनी स्वतः अंगठा यंत्रावर ठेवला.’ बघा ना, एक अक्षर खोटं नाही. हजर होते. ठेवला होता. मी खाली सही केली आणि बाहेर येऊन पाणी प्यायले. घशाखाली उतरलंही.

बोटं झिजलेली होती, हे तरी मी सांगायचं. त्या दिवशी ठसा उमटतच नव्हता, हे तरी. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता – मग हिरवी पट्टी कशी आली? आणि उबाळ्यांनीही चौकशीत बोटांचं काही सांगितलं नाही. बोटं कशाने झिजली, हे सांगावं लागलं असतं म्हणून. बायकोच्या चादरी चारचौघांत काढायच्या नव्हत्या त्यांना, ती गेल्यावरही. मी कुणाला बोलणार नाही असं म्हटलं होतं, ते मी पाळलं.

पुढचं आताच सांगून टाकते, कारण शेवटी जे सांगायचं आहे त्याच्यानंतर मला काही बोलता येईल असं वाटत नाही. चौकशी रखडत रखडत बंद झाली. शेरा पडला – ‘ओळख निःसंशय सिद्ध होत नाही.’ गुन्हा नाही, शिक्षा नाही, पण सुटकाही नाही. तीस वर्षं ज्या नावाने हाक मारली की ओ दिली, त्या नावाबद्दल संशय आहे, असं सरकारने लिहून ठेवलं. पालेगावच्या वस्तीत पोरांना भरतीची दौड शिकवणारा हा माणूस नंतर घराबाहेर पडेनासा झाला असं ऐकलं. वांगणीला मुलीकडे राहायला गेले. तिथेच काही वर्षांनी वारले. मला ते कार्यालयात कळलं, चहा घेताना.

पण हा शेरा पडायच्या आधी एक दिवस होता. मे महिन्याचा शेवट, त्यांच्या निवृत्तीचा दिवस. चौकशी सुरू असल्यामुळे निरोप समारंभ नव्हता. निवृत्त होताना कार्ड परत करायचं असतं, आणि ते माझ्याच टेबलावर जमा व्हायचं. चौकशीला यंत्राचा निकाल पुरला होता, कार्ड कुणी मागितलंच नव्हतं. ते साध्या सदऱ्यात आले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं – केवढे लहान दिसत होते. हातात पळसाच्या पानांत बांधलेली जांभळं. कार्ड टेबलावर ठेवलं, मी पावती लिहिली, त्यांनी सही केली. मला वाटलं, आता हे विचारणार. आता म्हणणार, ताई, तुम्ही मला ‘उमटला’ म्हणाला होतात.

ते म्हणाले, ‘तुमचा जबाब वाचला मी. कॉपी देतात आम्हाला.’

मी पावतीवर शिक्का मारला.

‘एवढ्या सगळ्या जबाबात तुम्ही एकटीनेच लिहून दिलंत की मीच होतो म्हणून. बाकी एकानेही नाही. तीस वर्षं ज्यांच्याबरोबर ड्युटी केली ते पण, माहीत नाही, सांगता येत नाही, असंच. मिसेस असती ना, तर तिला सांगितलं असतं, एक मुलगी उभी राहिली माझ्यासाठी.’ मग जांभळांचा पुडा पुढे सरकवला. ‘मुलीच्या दारातली आहेत. खा. चला, जय भीम.’

मी जय भीम म्हणाले. तेवढं म्हणाले.

ते गेल्यावर मी कार्ड हातात घेऊन बसले. जेवणाची सुट्टी होती, खोलीत कुणी नव्हतं. तपासायचं यंत्र कोपऱ्यातच होतं. मी उठले, कार्ड त्यात घातलं, आणि माझा उजवा अंगठा ठेवला.

ओळख पटली. खाली नाव आलं, उबाळ्यांचं पूर्ण नाव, हुद्दा, आणि तो फोटो, गालावर तीळ असलेला.

उबाळे खरे असल्याचा जगात एकच पुरावा होता, आणि तो माझ्या हातात होता. चौकशी अजून बंद झाली नव्हती. साहेब खालीच होते. उबाळे अजून फाटकापर्यंतही पोचले नसतील – मी खिडकीतून हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं. मी खिडकीपाशी गेलेही. ते मैदानातून चालले होते, सावकाश. मी त्यांना फाटकाबाहेर जाऊ दिलं.

जमा झालेलं कार्ड चिपवरून कापून टाकायचा नियम होता. सहसा ती कामं मी महिनाअखेरीला एकदम करायचे. हे मी तिथल्या तिथे केलं. कात्री घेतली, चिपच्या मधोमध कापलं, परत उलटं धरून कापलं. त्यात माझा अंगठा होता हे पुन्हा कुणाला कधी कळणार नव्हतं. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘नष्ट केले’ लिहिलं, माझी सही केली. खाली जाऊन साहेबांची सहीही घेतली. त्याच जिन्याने उतरून गेले, काही जड गेलं नाही. साहेबांनी विचारलं, ‘उबाळ्यांचं झालं का?’ मी म्हटलं, ‘हो सर, काही पेंडिंग नाही.’

मग वर आले, हात धुतले, आणि जांभळं खाल्ली. सगळी खाल्ली. गोड होती.